चाळीस मिनिटांचं काम

कचेरीतले जुनेपाने संगणक धडधाकट ठेवण्यात उस्तादाची उभी हयात गेली. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळा गाडा ओढणारा आतला गाभा, तयार घेणं त्याला कमीपणाचं वाटे. नको ते छाटायचं, कंपाइल लावायचं, म्हणजे उरलेल्याची नवी बांधणी मशीनवर सोडायची, आणि खुर्चीत रेलायचं. चाळीस मिनिटांत काम फत्ते. खोगीरभरती आपल्याकडे चालत नाही, असं चारचौघांत मिरवायचा.

या खेपेला त्यानं जवळची वाट धरली. जोडलेली उपकरणं चालवणारे जे ड्रायव्हर त्या घडीला वापरात असतील तेवढेच ठेव, बाकीचे उडव, अशी एक आज्ञा असते. ती दिली. अडलं तर परत फिरायला असतो तो जुना कर्नलही, जागा खातो म्हणून, पुसला.

नेमकी त्या दिवशी मेहुणी रजेवर. बायकोची धाकटी बहीण, जन्मांध, त्याच्याच घरी राहणारी. कचेरीत याच मशीनवर मजकूर तपासायची. पडद्यावरची ओळ तिच्या ब्रेल पट्टीवर बारीक टाचण्यांनी वर यायची, ती बोटांनी वाचायची. पट्टी आणि तिची केबल त्या दिवशी घरी होती, म्हणून केबलचा ड्रायव्हरही उडाला.

दुसऱ्या दिवशी साहेब तिचं काम बघायला बसले. पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी. पट्टी सपाटच. तिनं केबल दोनदा काढून लावली.

"भावजी, काल मशीनला काही केलंत का?"

उस्तादाच्या तेव्हाच ध्यानात आलं. ड्रायव्हर परत घालायला साहेबांकडून चाळीस मिनिटं मागून घ्यायची, बस्स. पण सगळे कारकून त्याच्याकडेच बघत होते.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पट्टी म्हातारी झालीय."

बाईंच्या आधी पट्टीच रिटायर झाली, असं कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी तिला तिथंच सांगून टाकलं.

संध्याकाळी ती पट्टी दुकानात दाखवायला निघाली. उस्ताद दारात आडवा आला. दुसऱ्या मशीनला लावली की पट्टी बोलणार आणि बिंग फुटणार. दुकानदार लुटतात, मीच बघतो, म्हणत त्यानं ती काढून घेतली. आतून कडी लावली, चार स्क्रू सोडवले आणि टाचण्यांची रांग मधोमध उचकटली.

"आतूनच मोडलीय," बाहेर येऊन म्हणाला.

तिनं बोट फिरवलं. मध्यावर येऊन ते थांबलं.

"सकाळी नुसती गप्प होती, भावजी. मोडली आत्ता."

बायको आतून म्हणाली, "जाऊ दे गं. तेवढाच मला घरात हातभार लागेल."

मेहुणीनं पट्टी पिशवीत घातली आणि भांडी घासायला बसली.