कारणाचा रिकामा रकाना

देवळीच्या बाजारात आजही सांगतात की, यकृताच्या त्या डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाला दारुडा ठरवले. हे साफ खोटे आहे. मी तिथे समोर बसलो होतो.

नव्वदच्या दशकात कपाशीची फवारणी आटोपली की ते दरवर्षी गावात येत, रक्ताचे नमुने घेत, वहीत लिहीत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. रोग्याच्या पोटाला हात लावण्याआधी ते आपले तळवे चोळून ऊन करीत, हे मात्र लक्षात राहिले.

भाऊ पोट फुगून खाटेवर पडला होता. शेजारी म्हणाला, "लिहा न साहेब, दारू पेत असन." "कधीच नाई पेलो," म्हणत भावाने भिंतीकडे तोंड फिरवले.

डॉक्टरांनी त्यालाच विचारले, "कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात कशानं ढवळता?"

"हातानंच. काडी कोन शोधत बसन?"

त्यांनी वहीत लिहिले आणि ती माझ्यापुढे धरली. "मोठ्यानं वाचा." दारूच्या रकान्यात 'कधीच नाही' असे होते. कारणाचा रकाना रिकामा होता.

"मंग औषधानंच झालं न, साहेब?" मी विचारले.

"मला अजून ठाऊक नाही. म्हणून तर येतो."

डॉक्टरांनी औषधाला दोषी ठरवले, असे सांगणारेही खोटेच बोलतात.

भाऊ गेला. डॉक्टर केस पांढरे होईपर्यंत येत राहिले. शेवटच्या खेपेस मी विचारले, "समजलं का काही?"

"थोडं थोडं," म्हणत ते तळवे चोळू लागले. "आता तुम्ही आडवे व्हा. औषध तुम्हीही हातानंच ढवळत होता ना?"

इतक्या वर्षांत हे मला दुसऱ्या कुणी विचारले नव्हते. मी वाद न घालता खाटेवर आडवा झालो.