साडूंची विजेची मोटार

“दाजींची ती मोटार विजेवर कधी चाललीच न्हाई. माझ्या ट्रॅक्टरनं वेशीपत्तोर वढत आणली अन् तिथं दोर सोडला!” आमचे थोरले मेहुणे माझ्या साडूंविषयी हे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकवतात आणि पंगत हसते. मेहुण्यांचा आवाज मोठा आहे, हे मला मान्य. बाकी त्यात काही खरे नाही.

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर झाला नाही. नव्वदीच्या दशकात, नेवाशात दिवसभर धड वीज टिकत नसताना, या गृहस्थाने स्वतःच्या चालत्या मोटारीचे पेट्रोलचे इंजिन विहिरीतला गाळ उपसायच्या यारीने उचलून अंगणात ठेवले आणि त्या जागी, कारखान्यात माल वाहणाऱ्या बॅटरीच्या गाडीची मोटर सुपे गावच्या भंगारातून आणून बसवली. मागच्या सीटवर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या मांडून वर गोधडी घातली. “पाव्हण्यांपेक्षा ह्या बऱ्या,” ते म्हणत, “नुसतं पानी पित्यात, च्या मागत न्हाईत.” चार्जिंग सुरू झाले की आळीतल्या टीव्हींवरचे चित्र आकसून काडेपेटीएवढे होई. “काका, बातम्यांतली बाई पार वाळली, आता तरी बटन बंद करा!” असे शेजारीण ओरडे. “रेडिओ लावा, बातमी तीच हाय!” असे साडू आतून ठणकावत. वीज वाया जाते म्हणून त्यांनी हॉर्नही काढून टाकला होता. वळणावर खिडकीतून मान काढून ते स्वतःच “गाडी आली, गाडी!” म्हणून ओरडत. लोक वळून पाहत आणि पाठीशी मुकाट्याने येऊन ठेपलेली मोटार पाहून बांधावर उड्या टाकत.

लोकांनी याला वेड म्हटले. मेहुण्यांना खरे कारण ठाऊक होते, तरी त्यांनीही म्हटले. तेवढे मी विसरलेलो नाही. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे साडूंची पत्नी, पेट्रोल-डिझेलच्या वासाने अर्धमेली होई. एसटी असो की जीप, उतरल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्या पोटात पाणी ठरत नसे. नदीपलीकडचे माहेर तिला परदेश झाले होते आणि तिथे अंथरुणाला खिळलेली आई रोज विचारी, “धाकली कधी येती?”

मोटार आली त्या दुपारी मी सासुरवाडीच्या ओट्यावर होतो. वेशीत मेहुण्यांचा ट्रॅक्टर उभा होता, एवढ्या भांडवलावर त्यांनी दोराची कथा उभारली. मी हरकत घेतली की ते म्हणतात, “तुमी ओट्यावर बसल्यालं. वेशीभाईरचं तुमाला काय दिसतंय?” कबूल. वेशीबाहेरचे मला दिसत नव्हते. घरातले दिसत होते. साडू आज आपली बाजू मांडायला नाहीत, म्हणून मी सांगतो. ट्रॅक्टरच्या धुरामागून ओढत आणलेली माझी मेहुणी उंबऱ्यातच आडवी झाली असती. ती सरळ आत गेली, आईच्या खाटेवर टेकली आणि म्हणाली, “आये, भूक लागली.”

आणि म्हातारीच्या हातून तिने अख्खी भाकरी खाल्ली.