तळमजला किंवा लिफ्ट, बारा हजारांत

सोमवारी आमच्या सातपूरच्या कंपनीत, कँटीनला मी डबा उघडायच्या आत समोरून प्रश्न येतो, "काय मग महेश, काल कुठं?" कारण गेले चार महिने दर रविवारी मी आणि माझी बायको वर्षा भाड्याचं घर बघत नाशिकभर फिरतोय. घर एकही हाती लागलं नाही. किस्से मात्र इतके साठलेत, की टेबलावरची मंडळी क्रिकेट सोडून माझंच ऐकत बसतात. मी क्वालिटीला आहे. आठवडाभर मी पार्ट रिजेक्ट करतो, रविवारी लोक मला करतात!

बरं, आमची मागणी काही बंगल्याची नाही. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. सायखेड्याहून आई आमच्याकडं राहायला आली तेव्हा तिचे गुडघे बरे होते. आता तिला जिना उतरवत नाही. चार महिन्यांत ती दोनदाच खाली उतरली होती, दोन्ही वेळा डॉक्टरकडं. जन्मभर शेतात भाजी पिकवलेली बाई दिवसभर खिडकीच्या गजाला धरून खालचा भाजीवाला बघत उभी असायची. ते मला बघवत नव्हतं. म्हणून तळमजला नाहीतर लिफ्ट, बारा हजारांत. एवढंच पाहिजे होतं.

* * *

आमचा एजंट सोनवणे. माणूस उत्साही. पहिल्याच रविवारी त्यानं पाथर्डी फाट्याला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. हवा छान, पाणी चोवीस तास, आणि लिफ्ट एकदम नवी, आत आरसासुद्धा!

मी तिथल्या तिथं हो म्हणणार, तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले. म्हणाले, "एक सांगून ठेवतो. लिफ्ट ओनर लोकांना. भाडेकरूंनी जिना वापरायचा. तसा ठरावच झालाय."

मला वाटलं, गंमत करतायत. हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

"अहो, पण माझी आई बहात्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत तिचे."

चेअरमननी जरा विचार केला. मग अगदी मायेनं विचारलं, "आई ओनर आहेत का?"

* * *

मग इंदिरानगर. तळमजला! मालक निवृत्त हेडमास्तर, स्वतः वरच्या मजल्यावर राहणारे. आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी वहीच उघडली. नाव, गाव, नोकरी, सगळं लिहून घेतलं.

"तुमच्या घरात काय शिजतं हे मी विचारणार नाही," सर म्हणाले. "तो तुमचा खासगी प्रश्न."

मला हायसं वाटलं. असा माणूस विरळाच, म्हटलं.

"फक्त कुकरच्या शिट्ट्या सांगा."

"काय?"

"शिट्ट्या. रोज किती?"

वर्षा म्हणाली, "वरण-भाताला तीन, सर."

"छान. आणि रविवारी?"

वर्षाला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठा दोष. "रविवारी सात-आठ होतात," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला. "कशाच्या?"

"राजम्याच्या!" मी मध्येच ओरडलो.

"राजम्याला पाच पुरतात," सर शांतपणे म्हणाले. "गावठी कोंबड्याला सात. बोकडाला आठ." आणि वही मिटली.

आम्ही गेटच्या बाहेर आलो. मी गाडीला किक मारत होतो, तेव्हा वर्षा म्हणाली, "अहो, पण यांना कसं माहीत?"

* * *

एक छोटा सांगतो. अशोकनगरला तळमजल्यावरच्या एका घरात बेडरूम अशी होती, की पलंग ठेवला तर दार लागत नव्हतं आणि दार लावायचं तर पलंग उभा करावा लागत होता. मी टेप लावून मोजलं. सवयच आहे.

मालकांना म्हटलं, "यात पलंग आणि दार दोन्ही बसत नाहीत हो."

ते म्हणाले, "झोपल्यावर तुम्हाला दार कशाला दिसतंय?"

* * *

आता जो सांगणार आहे, त्यानं माझी झोप उडाली.

गंगापूर रोडला एक जोडपं भेटलं. दोघं साठीचे, गोड बोलणारे. लिफ्ट होती, भाडेकरूंना चालत होती, भाडंही साडेबारा. फक्त त्यांची एक पद्धत होती. भाडेकरू आत्ता ज्या घरात राहतो, ते घर ते स्वतः जाऊन बघायचे. "ॲग्रीमेंटवर सही काय, कोणीही करतं. घर कसं ठेवलंय, त्यावरून माणूस कळतो," काका म्हणाले. मला हे पटलंसुद्धा. मी तरी सर्टिफिकेटवर कुठं विश्वास ठेवतो? पार्ट हातात घेऊनच बघतो.

वर्षानं शुक्रवारपासून घासायला घेतलं. मी पंख्याची पाती पुसली. आईनं खिडकीतल्या कुंड्या नीट लावल्या. रविवारी दोघं आले, तीन मजले चढून. काकूंनी गॅसच्या मागून बोट फिरवलं, बोट स्वच्छ! काकांनी नळ सोडून बघितला, गॅलरीत उभं राहून वारा बघितला. पोहे खाल्ले, आईच्या पाया पडले. जाताना काका म्हणाले, "घर फार सुंदर आहे हो."

आईनं त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली.

तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी आला तो आमच्या सध्याच्या घरमालकांचा, बोरसे भाऊंचा.

"महेश, तू घर सोडतोयस आणि मला बोलला नाहीस!"

"भाऊ, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ते गंगापूर रोडचे काका-काकू आले होते. तुझं घर त्यांना फार आवडलं. मुलाचं लग्न झालंय, सुनेला त्यांचा फ्लॅट नकोय, म्हणून त्याच्यासाठी घेतायत. आणि अडीच हजार जास्त देतायत! या महिनाअखेर खाली कर बाबा."

आम्ही त्यांच्या मुलाचं घर घासून पुसून ठेवलं होतं! काकांना फोन लावला. विचारलं, "आणि तुमच्या फ्लॅटचं काय?"

"तो ना, तो नाही देता येणार तुम्हाला," काका म्हणाले. "जे आपल्या मालकाला न सांगता दुसरं घर बघतात, त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

खरं सांगतो, कँटीनमध्ये हे सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही.

* * *

आता हातात तीन आठवडे होते. सोनवणे धावत पंचवटीत घेऊन गेला. तळमजला, अंगण, बाहेर बाकडं. आई या बाकड्यावर बसेल, असं मला दिसायलाच लागलं. मालक म्हणाले, "द्यायचंच आहे. फक्त कुंभमेळा येतोय, तुम्हाला माहितीये. पर्वणीला आमचे पाहुणे येतात."

"किती?"

"जास्त नाही. पंधरा-वीस."

"मग तेव्हा आम्ही घर सोडायचं?"

"छे छे!" मालकांना वाईटच वाटलं. "सोडायचं कशाला? उलट तुम्ही पाहिजेच! एवढ्यांचा स्वयंपाक कोण करणार? वहिनी आहेतच की!"

घरी आल्यावर वर्षा जे बोलली, ते इथं लिहीत नाही.

* * *

आणि हा गेल्या रविवारचा. कँटीनमध्ये अजून सांगितलेला नाही.

मखमलाबाद रोडला एका काकूंचं बैठं घर. काकू सत्तरीच्या, एकट्या. मुलं परदेशात. मागच्या बाजूच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्यानं द्यायचं होतं. सोनवणे म्हणाला, "साहेब, काकू कडक आहेत. नऊ फॅमिली परत पाठवल्यात. पण टेन्शन घेऊ नका."

आई या वेळी हट्टाला पेटली. "समद्यांनी मला सोडून घरं पाह्यली. राहायचं मला हाय ना? मी येणार."

तीन मजले उतरायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर ती पायरीवर बसायची, आणि मी तिच्या शेजारी. खाली आल्यावर तिनं चप्पल काढली आणि मातीवर पाय टेकवून एक मिनिट नुसती उभी राहिली. मला इतकं वाईट वाटलं, की मनात म्हटलं, आज या काकूंचे पाय धरीन, पण घर घेऊनच परत येईन.

काकूंनी दारातच नियम सांगितले. चपला उलट्या नकोत. टीव्हीचा आवाज नको. न सांगता आलेले पाहुणे तर अजिबात नकोत. मी सगळ्याला हो म्हणत गेलो. आई दमली होती, ती अंगणातल्या पायरीवर बसली. "जा, तुमी पाहून या," म्हणाली. काकू तिच्याजवळ थांबल्या आणि आम्ही तिघं मागं गेलो.

मागून मला आईचा आवाज ऐकू आला, "बाई, ह्या वांग्याला लय पाणी घालता तुमी. मुळं कुजतील ना!" दहावी फॅमिली गेली, म्हटलं.

खोल्या सुरेख होत्या. पलंग बसत होता, दारही लागत होतं. मी घाईघाईनं दोनदा मोजलं. पंधरा मिनिटांनी बाहेर आलो, तर दोघी पायरीवर शेजारी बसून मेथी निवडत होत्या. मध्ये चहाचे दोन रिकामे कप.

मी हात जोडले. "काकू, घर आम्हाला फार आवडलं. आईचं काही चुकलं असेल तर..."

"त्यांचं काही चुकलं नाही," काकू मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "त्यांना ठेवते मी. पुढच्याच खोलीत. भाडं नको. तुम्ही दोघं नको."

सोनवणेचं तोंड उघडंच राहिलं. "काकू, फॅमिलीला द्यायचं ठरलं होतं ना?"

"फॅमिली नकोच. फॅमिली भांडते."

मी हादरलो. वर्षानं माझा दंड घट्ट धरला. आता आई उठणार, पदर खोचणार आणि या बाईला सायखेड्याच्या भाषेत सुनावणार, याची मला खात्री होती. मला तर रागही येत होता आणि डोळेही भरून येत होते. म्हटलं, "आई, चल."

आई उठली नाही. तिनं मेथीची एक काडी बाजूला टाकली आणि माझ्याकडं वर बघितलं.

"महेश, माझ्या गुडघ्याच्या गोळ्या घरी राह्यल्यात. सांजच्याला आणून दे," ती म्हणाली. "आन् येताना आधी फोन कर बाबा. काकूंना न सांगता आलेलं चालत नाय."