बाहेरचं बाकडं

परीक्षेसाठी शिवणवर्ग तपासायला मी आंबोलीहून मालवणला चार दिवसांसाठी गेले होते. बंदराजवळ एका विधवा बाईंची स्वच्छ खोली मिळाली. सकाळी न्हाणीत कढत पाणी आणि चहाबरोबर घावणे मिळत. जेवायला दोन मिनिटांवर तीन खानावळी होत्या. त्यातल्या सगळ्यात चांगलीत मी पहिल्याच दुपारी गेले आणि बाहेरच्या बाकड्यावर बसले.

"बायो, बायकांनी भितर चुलीकडे बसाचा," मालक म्हणाला.

"भितर धूर आसा. मी हंयच बसतलंय."

बाकड्यावरचे पुरुष सरकून एका टोकाला गेले. माझ्या ताटात सुरमईच्या शेपटाची तुकडी आली.

"मधली तुकडी खंय?" मी मालकाला विचारलं.

"ती भितर गेली. मालकीण आपल्या हातान बायकांका वाढता."

म्हणजे आत बसणाऱ्या बायकांचं काही बिघडत नव्हतं, चांगलं ते त्यांच्याच पानात पडत होतं. तरीही मी शेपूट काट्यासकट चावून खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेरच बसले आणि पुन्हा शेपूटच आलं.

तिसऱ्या दिवशी मालकीण स्वतः कालथ्यावर मधली तुकडी घेऊन बाहेर आली.

"किती हट्टी गो तू! भितर येऊक काय झाला तुका?"

"तूच भायर इलंस मगे?"

ती हसली आणि तुकडी माझ्या ताटात टाकून गेली. त्या दिवशी शेपूट बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं.