नारिंगी जाकीट

विमानतळावर माझं काम एकच होतं, काय वाईट घडू शकतं ते आधी सांगायचं. धावपट्टीजवळ गवत वाढलंय, म्हणजे किडे येणार, किड्यांमागे पक्षी येणार आणि पक्षी इंजिनात जाणार. सामान ओढणारी गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचा माणूस दिसत नाही. हे सगळं तक्त्यात लिहायचं, धोका किती मोठा ते ठरवायचं आणि उपाय होईपर्यंत साहेबांच्या मागे लागायचं. बाकीचे मला अपशकुनी म्हणत. म्हणेनात का! एकामागून एक विमानं उतरत आणि ती माझ्यामुळेच नीट उतरतात, असं मला खरोखर वाटे.

आमचं घर मेंढरांचं, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. चराईचं रान हिंगोली-वाशीम रस्त्याच्या पलीकडे होतं. मेंढरं सकाळी तिकडे न्यायची, दिवस मावळताना परत आणायची. रस्ता ओलांडताना त्यांची रांग तुटू द्यायची नसते. तुटली की मागे राहिलेलं कोकरू ओरडतं आणि पुढे गेलेली आई त्याच्यासाठी उलटी रस्त्यात शिरते. म्हणून दोन माणसं लागत. एकानं मेंढरं हाकायची, दुसऱ्यानं वळणापर्यंत पुढे जाऊन गाड्यांना हात करायचा. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात जाईपर्यंत वळणावरचा माणूस मीच होतो. वर्गातली पोरं एसटीतून जाताना दिसली की मी तोंड फिरवायचो.

पुढे मला नोकरी लागली आणि वळणावर कुणी उरलं नाही. सुट्टीत आलो की मी वडिलांच्या, आबांच्या मागे भुणभुण लावायचो, एकट्यानं रस्ता ओलांडू नका म्हणून.

"मंग काय तुझ्या विमानात बसवून नेऊ मेंढरं?" आबा म्हणायचे.

एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी जाकीट नेलं. आमच्या कामगारांसारखंच, नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचं. आबांनी ते घोंगडीवरूनच चढवलं आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आई हसून हसून बेजार झाली.

"आता ट्रकवाला बी सलाम ठोकंल बघ," आबा म्हणाले. मीही हसलो.

माझं चुकलं ते तिथे. त्या पट्ट्या उजेड पडला तरच चमकतात. तिन्हीसांजेला बिनदिव्याची गाडी आली तर त्यांचा काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे, जाकीट घातलेला माणूस धीट होतो. विमानतळावर मी हे रोज बघत होतो. अंगात जाकीट आलं की माणसं चालत्या गाडीला खेटून जायला लागतात. नव्या कामगारांना मी तासभर हेच बजावायचो. आबांना पाच मिनिटंसुद्धा सांगितलं नाही. सुट्टी संपत आली होती, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. माझ्या जागी आता जाकीट होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात निरोप आला. मी पोचलो तेव्हा आबांना अंगणात ठेवलं होतं. नाक्यावरच्या धाबेवाल्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं मला बाजूला घेतलं.

"आधी ट्रकचा आवाज आला का म्हातारा बाजूला व्हायचा. मेंढरू गेलं तर गेलं म्हनायचा. जाकीट आल्यापासून मधोमध उभा राहून हात करून राहिला होता. म्हने, आता मी दिसतो बराबर. त्या ट्रकनं दिवेच लावले नव्हते. पण म्हातारा हललाच न्हाई."

अंधुक उजेड, वळण, एकटा माणूस. मला यातलं काय ठाऊक नव्हतं? परक्या माणसांसाठी मी साहेबांशी तावातावानं भांडलो होतो आणि बापासाठी बाजारातून एक जाकीट उचलून आणलं होतं. मला माझीच किळस आली.

दहाव्याला जवळा बाजारची मावशी आली. ती आईजवळ टेकली आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता तिनं विचारलं, "पोरगं तिकडं काय काम करतंय गं?"

इतके दिवस आई धड बोलली नव्हती. आता तिनं डोळे पुसले आणि पदर सावरला.

"लई मोठं काम हाय त्याचं. कुनाला काय होऊ नये म्हून आधीच बघून ठिवतो. हे साऱ्या नाक्याला सांगत फिरायचे, माझ्या लेकराच्यानं एवढी मानसं सुखरूप उतरतात म्हून." मग ती मावशीकडे वळून म्हणाली, "ह्यांनाबी त्यानंच जाकीट आनलं होतं. ते व्हतं म्हून इतके दिवस तरी निभावलं."

तिच्या आवाजात दोष नव्हता, अभिमान होता. मी उठून मेंढरं कोंडायच्या वाडग्यामागे गेलो आणि तोंडावर हात दाबून रडलो. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही.