टपालातली डिग्री आणि साखरेचा चहा

आमचे हे डॉक्टर झाले ते पोस्टाच्या पिशवीतून.

इंग्रजी अमदानी होती. कलकत्त्याला मनिऑर्डर गेली, तिकडून होमिओपॅथीची पुस्तकं आली, इकडून उत्तरं गेली आणि एके दिवशी पोस्टमननं डिग्रीची गुंडाळी आणून टाकली! ह्यांनी ती काचेत मढवून ओसरीवर टांगली आणि साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांची भली मोठी बरणी फडताळात ठेवली. बारामतीत हसं व्हायला आणखी काय लागतं? जो तो विचारायचा, "डाक्टर, आजच्या टपालानं पेशंट आला का?" पेशंट आला एकच, काटेवाडीचा. तोही म्हैस घेऊन! ("मानसाला कालिजातला लागतो. जनावराला पोष्टातला चालंल म्हटलं.")

अशात निमगाव केतकीचे पाहुणे माझ्या नणंदेला, गोदूला, बघायला आले. दोन स्थळं आधीच मोडलेली, हे तरी जमावं म्हणून घरदार देव पाण्यात घालून बसलेलं. मुलाचे वडील तात्या बसले न बसले तोच नजर काचेकडं!

"कंच्या कालिजात हुता?"

"घरीच अभ्यास केला, तात्या," हे म्हणाले.

"म्हंजी कालिज बघितलंच न्हाय!" तात्या गदगदून हसले. (स्वतः तात्या शाळेसमोरून फक्त बैलगाडी हाकत गेलेले.) "आन् तुमच्या त्या गोळ्या म्हंजी नुसती साखर की वो! बरणीभर खाल्ली तरी ढिम्म हुणार न्हाय!"

आत मी चहा टाकलेला आणि साखरेचा डबा रिकामा! घरात गुळाच्या ढेपा होत्या. पण सोयरिकीच्या पाहुण्याला गुळाचा चहा देणं म्हणजे 'उठा आता' म्हणणं. मग म्हटलं, तात्यांसारखा जाणता माणूस सांगतोय ना साखर आहे म्हणून! फडताळातली बरणी चहात उपडी केली.

गोदूनं चहा नेला. तात्यांनी बशी ओरपली. "झ्याक! साखर किती घातलीस, पोरी?"

गोदू भोळी. "साखर न्हाय, वयनीनं दादाच्या गोळ्या घातल्या."

बशी खळकन फुटली!

"मेलो! हातपाय गार पडलं! कशाच्या गोळ्या हुत्या त्या? अरं, कालिजातला डाक्टर बलवा!"

ह्यांनी एकदा काचेकडं पाहिलं, एकदा गोदूच्या रडवेल्या तोंडाकडं.

"काही होत नाही, तात्या. नुसती साखर ती."

"आन् डिग्री?"

हे म्हणाले, "भिंत फार मोकळी दिसत होती."

तात्यांचे हातपाय तिथल्या तिथं गरम झाले आणि सुपारी फुटली!

पण घरी गेल्यावर तात्यांची जुनी आंबट ढेकर थांबली म्हणे. मग काय, निमगावची माणसं आमच्या दारात! "डाक्टर ऱ्हाऊ द्या. वयनींचा च्या द्या."

ह्यांना निदान पोस्टानं डिग्री तरी आली होती. मला उभ्या जन्मात साधं कार्ड आलं नव्हतं; आणि आलं असतं, तरी वाचायला ह्यांनाच हाक मारावी लागली असती!