ती हालचाल बाबांची नव्हती

सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी सतरा वर्षांची होते. सायक्लोनने आमच्या बेटावरच्या प्लेन मान्येन गावातल्या घराचे पत्रे उचकटले. ते ठोकायला बाबा वर चढले आणि ओल्या पत्र्यावरून घसरून पाठीवर पडले. कमरेखालचं सगळं गेलं. पायांना हात लावला तरी त्यांना कळत नसे.

दोन महिन्यांनी इस्पितळात विजेचे उपचार सुरू झाले. व्यायाम करून घेणाऱ्या बाई नुकत्याच परदेशातून शिकून आल्या होत्या. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन पट्ट्या त्यांनी बाबांच्या मांडीवर बांधल्या आणि विजेच्या पेटीचं बटण हळूच फिरवलं. मांडी आवळली. पाय गुडघ्यातून सरळ झाला!

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. धावत व्हरांड्यात गेले. "आई, बाबांनी पाय हलवला!"

आईने तिथेच फरशीवर डोकं टेकलं.

मी आत परतले तेव्हा बाबा बाईंना क्रेओलमध्ये, बेटावरच्या बोलीत, विचारत होते, "म्वा सा? मीच ना हा?"

"नाही," बाई म्हणाल्या. "हे कुरां आहे, वीज. स्नायू वाळू नयेत म्हणून देतोय. तुमचा हुकूम आता तिथवर पोचत नाही."

बाहेरून आईचं रडणं आणि हसणं एकदमच ऐकू येत होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तिला आज नको सांगूस."

आज नको, उद्या नको, असं करत पाच महिने गेले. त्यातच बाबा घरी आले. इस्पितळाने चाकाची खुर्ची देऊ केली, ती आईने परत पाठवली. "चालणार आहेत ते. एकदा खुर्चीत बसले की पाय आळशी होतील." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. बाबांनीही.

सारखं पडून राहून त्यांच्या कमरेखाली जखम झाली, हाडापर्यंत गेलेली. एका सकाळी ती धुताना आईचा हात थांबला. "एवढं चोळतेय, आणि यांनी हूं की चूं केलं नाही." तिने वर, माझ्याकडे पाहिलं.

मग मी सांगितलं.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"तिला मीच अडवलं," बाबा म्हणाले.

"आणि पाच महिने मला हसू दिलंत," आई म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात खुर्ची आली. बाईंनी बाबांच्या हातांसाठी वाळूच्या पिशव्या दिल्या, आईला पायांचे व्यायाम शिकवले. जखम भरायला वर्ष लागलं. हळूहळू बाबा हातांच्या जोरावर खाटेवरून खुर्चीत यायला लागले. एकदा तर एकटेच उसाच्या शेताच्या कडेपर्यंत गेले आणि घामाघूम होऊन, लाजत परत आले. आई रोज सकाळी त्यांचे पाय दुमडायची, सरळ करायची, दहा वेळा हा, दहा वेळा तो. विजेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. मग मूत्रपिंडात पू झाला, ताप उतरेना, आणि जुलैमधल्या एका पहाटे बाबा गेले.

आई अंघोळ करून आली. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाहिलं, हे मला नक्की ठाऊक आहे. मग ती पायथ्याशी बसली, उजवा पाय उचलून घेतला आणि मोजायला लागली. एक. दोन. पाय आखडत चालला होता.

मी तिला दहापर्यंत मोजू दिलं.